प्लायच्या भिंतीवर हस्ताचा पाऊस

परतीचा पाऊस आमच्या सोलापुरात उगवतीकडून येतो. जूनमध्ये मावळतीला तोंड करून आपण ज्याची वाट पाहतो, आणि जो बहुधा हूल देऊन पुढे निघून जातो, तोच सप्टेंबर सरता सरता मागून येऊन गाठतो. तोवर आपण त्याचा नाद सोडलेला असतो. दुपारी तीनच्या सुमारास अक्कलकोटच्या अंगाचे आभाळ वांग्याच्या सालीसारखे होते. वारा क्षणभर थांबतो. दोरीवरचे कपडे लोंबकळत निमूट उभे राहतात. मग नांगरून ठेवलेल्या काळ्या रानाचा एक जड, गोडसर वास घरात शिरतो आणि त्याच्या मागोमाग पहिले थेंब परसातल्या खोलीच्या भिंतीवर येऊन आपटतात.

आमच्या घरावर पाऊस तीन आवाजांत पडतो. जुन्या दगडी भिंतीवर तो जवळजवळ मुका असतो. दगड आवाज गिळतो. पत्र्यावर तो इतका आरडाओरडा करतो की माणसांनी बोलणे सोडून द्यावे. परसातल्या खोलीची उगवतीची भिंत मात्र प्लायवूडची आहे, आणि तिच्यावरचा आवाज या दोहोंहून निराळा. हलगी अजून शेकलेली नसताना कुणी सहज तिच्यावर बोटे फिरवावीत, तसा ढिला, घुमणारा, जवळचा. तो कानापेक्षा तळहाताला आधी कळतो. भिंतीला हात लावून पाऊस ऐकता येतो, हे मला या भिंतीने शिकवले.

काल हस्त नक्षत्र लागले आणि आज तो आवाज पुन्हा आला. त्याच्याबरोबर ते एक वर्षही आले.

त्या वर्षी माझे सासरे जाऊन सहा महिने झाले होते. सासूबाई मोडनिंबला एकट्याच राहत होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते. एका सकाळी त्या हौदापाशी घसरून पडल्या आणि शेजारीण दूध घेऊन येईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. हाड मोडले नाही, पण सुधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, झोप मोडली. त्यांना इकडे आणायचे ठरले. घरात खोल्या दोनच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना नको, म्हणून परसात खोली काढायची. आणि परसात होता बुजवलेला आड. पूर्वी कुणी तो दगडमातीने भरून टाकला होता. बांधकाम पाहायला आलेल्या इंजिनिअरांनी टाच आपटून पाहिली, पहारीने दोन ठिकाणी टोकरले आणि मान हलवली. “ही भर आहे. विटांचं वजन टाकलंत तर भिंत वर्षभरात खचेल. हलकं काहीतरी करा.”

हलके म्हणजे लोखंडी सांगाडा, वर पत्रा, आणि बाहेरून प्लायवूड.

बाहेरून? हा प्रश्न त्या दिवसांत मला इतक्या जणांनी, इतक्या स्वरांत विचारला की मी त्याचा संग्रहच करू शकले असते. आपल्याकडे प्लाय घराच्या आत असतो. कपाटात, दिवाणात, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, नक्षीच्या कागदाआड तोंड लपवून. घराबाहेर, उन्हापावसात उभा असलेला प्लाय आपण पाहतो तो फक्त रस्त्याकडेच्या टपरीचा. समोरचे काका सकाळी फिरून येताना फाटकाशी थांबत आणि गंभीरपणे विचारत, “सूनबाई, पान कधीपासून मिळेल? साधं ठेवणार का मसाल्याचंपण?”

मोडनिंबहून फोनवर आत्यांनी हेच अधिक थोडक्यात सांगितले. “मी टपरीत ऱ्हायला येनार न्हाय.”

सुधीरने आठ दिवस रोज फोन केला. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, “येते. पर हस्ताचा पाऊस बघंस्तवर. भिंतीनं पानी धरलं तर मी माघारी जानार. मग कुनी गाडी घिऊन न्यायला यायचं न्हाय.”

असा तो करार झाला. एका भिंतीने एका नक्षत्राची परीक्षा द्यायची, आणि ती नापास झाली तर एका माणसाने पुन्हा हौदापाशी एकटे राहायचे.

भिंत उभी करायला इरप्पा मिस्त्री आले. मूळचे अक्कलकोटकडचे, आता कुंभारीला घर केलेले. त्यांचे वाक्य मराठीत निघे आणि कानडीत मुक्कामाला जाई. फळी हातात घेतली की आधी ते तिला हुंगत, मग कडेवर नख दाबत, मग बोटाच्या पेराने ठोकून कान देत. वैद्याने नाडी पाहावी इतक्या शांतपणे हे सारे चाले, आणि मी चहाचा कप हातात धरून, कप द्यायचा विसरून, पाहत राही.

“अक्का, नोड्री, हे बगा,” त्यांनी एक फळी कडेवर उभी केली. “पानी हिच्या पोटातनं आत जात न्हाय. तोंडातनं जातंय. हिला चार तोंडं हायेत.”

चार तोंडे म्हणजे चार कडा. कापलेल्या कडेवर पातळ पातळ थर एकावर एक दिसत होते; ताटात चळत लावलेल्या कडक भाकरीसारखे. मी मोजले. नऊ. दुसऱ्या फळीचे मोजले, तेही नऊ. कपाटाच्या उरलेल्या पातळ तुकड्याचे पाच.

“दहा का नसतात?” मी विचारले.

“बिजोडच लागतंय. सारख्या जोड्या घातल्या की एक बाजू जिंकती, अन् फळी वाकती.”

पुढे त्यांनी सांगितले ते असे. ओंडका फिरवत ठेवतात आणि लांब पात्याने त्याची पाने सोलतात. ठाण उलगडावे तसे झाड उलगडत जाते. मग एका पानाची रेषा उभी, तर पुढच्याची आडवी, त्याच्या पुढची पुन्हा उभी, असे रचून डिंकात दाबतात. उभे पान आडव्याला वाकू देत नाही, आडवे उभ्याला चिरू देत नाही.

“म्हंजे चादरीसारखंच की,” मी म्हटले. आमच्या गल्लीच्या टोकाला तेव्हा मागांचा खडखडाट दिवसभर चालू असे. उभ्या-आडव्या धाग्यांचे शास्त्र इथे कुणाला वेगळे शिकवावे लागत नाही.

“हौद्री, बरोबर,” मिस्त्री खूश झाले. “लाकडाची चादर.”

त्या रात्रीपासून मला घरातल्या साऱ्या फळ्यांमध्ये झाड दिसू लागले. जिवंतपणी ज्याने इतके पावसाळे उभ्याने झेलले, त्यालाच फळी झाल्यावर पावसापासून इतके जपावे का लागते? झाडाला साल असते, हे एक उत्तर. मग रंग म्हणजे आपण दिलेली साल. पण साल झाडाबरोबर वाढते, आणि रंग मात्र दर वर्षी आपल्यालाच आठवणीने वाढवावा लागतो. झाड स्वतः जे काम न बोलता करत होते, ते आता कुणीतरी अंगावर घ्यायचे, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ असेल का?

फळी भिंतीवर चढण्याआधी तिच्या कडांना मिस्त्रींनी तेलरंग पाजला. ‘पाजला’ हा त्यांचाच शब्द. पहिला हात कडेवर पडताच नाहीसा झाला. तहानलेल्या मातीत पाणी जावे तसा. दुसरा मंद, मळकट दिसला. तिसरा मात्र वर राहिला, ओला, चकचकीत. “आता पोट भरलं,” ते म्हणाले. सगळ्या परसात जवसाच्या तेलाचा दाट, किंचित कडवट वास भरून राहिला होता. आजही कुठे रंगकाम निघाले की मला तो पावसाच्या आधीचा वास वाटतो.

फळ्या जमिनीपासून चार बोटे वर, दोन फळ्यांमध्ये फट सोडून बसल्या. फट सगळीकडे सारखी यावी म्हणून मिस्त्री एक दोन इंची खिळा वापरीत. आधीच्या फळीला तो उभा धरायचा, पुढची फळी त्याला टेकवायची, स्क्रू आवळायचे, खिळा काढून घ्यायचा. भिंतभर फिरला तो खिळा, आणि कुठेच ठोकला गेला नाही. फटींवर सागाच्या पट्ट्या यायच्या होत्या, पण वखारीत पट्ट्या कापून व्हायला वेळ होता, आणि मिस्त्रींना गौरी-गणपतीला गावी जायचे होते.

“फटी उगड्याच ऱ्हाऊ द्या अक्का. आठ दिसांत आलोच.”

मी मान डोलावली. माझ्या त्या मान डोलावण्याची मला पुढे बरीच आठवण करून देण्यात आली.

आत्या गौरी यायच्या आदल्या दिवशी आल्या. एक लोखंडी पेटी, एक पिशवी, काठी. पेटीत सर्वांत वर टॉवेलात गुंडाळलेला सासऱ्यांचा फोटो होता. सांगाड्याला आतून लाकडी चौकट मारून, तिच्यावर आणि पत्र्याखाली पातळ प्लाय लावून, पांढरा रंग देऊन खोली तयार होती. सुधीर म्हणाला, “आई, आबांचा फोटो कुठं लावू?”

आत्यांनी भिंतीवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. “मालकांचा फोटू पेटीतच असू दे. असल्या भिंतीवर त्यास्नी कुटं टांगतोस? आज हाय, उद्या न्हाय.”

मग त्या बाहेरून भिंत पाहायला गेल्या आणि फटींपाशी येऊन थबकल्या. काठीचे टोक एका फटीत घालून पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गौरींच्या साड्यांच्या निऱ्या करत होते, तेव्हा परसातून खरडल्यासारखा आवाज येऊ लागला. जाऊन पाहते तो आत्या खुर्चीवर बसून, रंगाऱ्याच्या डब्यातली उरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, माझ्या उलथन्याने फटींत भरत होत्या. मातीच्या भिंती लिंपण्यात हयात गेलेला हात तो. एक दाब, एक ओढ, की फट नाहीशी. कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते. वरच्या टोकाला पोहोचण्यासाठी त्यांनी सुधीरला स्टुलावर चढवले होते.

“लक्षुमी यायच्या दिवशी घराला उगड्या फटी?” त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. “आलेली लक्षुमी तितनंच निगून जाती. तुज्या मिस्त्रीला घरी बायकापोरं हायेत का न्हाय?”

मला मिस्त्रींचे शब्द आठवले. त्याच क्षणी आठवले. इथे मला खोटे बोलायचे नाही. पण घरात आल्यापासून पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या या बाईने पहिल्यांदाच या घराच्या कुठल्या गोष्टीला हात लावला होता, आणि भिंत एकसंध, गुळगुळीत, पहिल्यांदाच ‘भिंत’ दिसत होती. मी तळहात फिरवून म्हटले, “छान झालं की, आत्या.”

उत्तरा नक्षत्र त्या वर्षी दमट गेले. पाऊस नाही, नुसती ओल. मिठाच्या बरणीत पाणी सुटले, पापड मऊ पडले, आगपेटीतल्या काड्या पेटेनात. आणि लांबी भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीतून ‘कट्ट’ असा आवाज आला. मग अधूनमधून येतच राहिला. गौरी आल्या, जेवल्या, परत गेल्या. दोन दिवसांनी पाहिले, तर उगवतीच्या दोन फळ्यांना पोट सुटले होते, आणि त्यांच्या सांध्यावर लांबी सोलून एक बोटभर कणा वर आला होता.

आत्यांनी त्या फुगवट्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्या आत गेल्या आणि पेटीची कडी वाजली.

“हस्त लागायच्या आदीच निकाल लागला,” आतून आवाज आला. सुधीर खुर्ची धरून उभा राहिला. निकाल माझ्याही विरुद्ध होता आणि तो मला ठाऊक होता.

मिस्त्री त्याच संध्याकाळी पट्ट्या घेऊन हजर झाले. भिंतीकडे पाहिले, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

“यान्री हे? फट कुनी बुजवली?”

मग मी म्हटले, “मी बुजवली.”

“खोटं कशाला बोलतीस गं?” आत्या काठी टेकत दारात आल्या. “मी भरली. घराला फट कोन ठेवतं?”

मला वाटले, आता मिस्त्री चिडणार. ते खाली बसले आणि उलट त्यांनीच विचारले, “अव्वा, तुमी ज्वारी पेरता न्हवं? दोन वळींत जागा का सोडता?”

“का म्हंजे? ताटाला पसराय नगं? दाट झाली की कनीस धरत न्हाय.”

“मग हिलाबी पसराय नगं? ओलीत फुगती, उन्हात आवळती. जागा न्हाय दिली की शेजारनीला ढकलती. दोगी फुगून बसत्यात.”

आत्यांनी भिंतीकडे पाहिले. आता त्यांच्या नजरेत रानाकडे पाहण्याची सवय आली होती. “मग हे आदी सांगायचं की.”

“सांगितलं हुतं की. अक्कांना.”

दोघेही माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत आत्या मला पुष्कळ बोलल्या असतील, पण त्या संध्याकाळचे त्यांचे ते “बरं” मला अजून पुरते.

पेटी बंदच राहिली, पण हललीही नाही. “हस्त बगायचं ठरलंय, तर हस्त बगते,” आत्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच उलथने घेऊन स्वतः भरलेली लांबी खरवडायला बसल्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “मी भरली, मीच काडनार.” दोन दिवस भुरभुर पांढरी पूड त्यांच्या पदरात पडत होती. मिस्त्रींनी फुगलेल्या फळ्या उतरवल्या, उन्हात वाळवल्या, कडा रंध्याने तासल्या. लाकडाच्या पातळ कुरळ्या सालपटांना गूळ आणि कडुनिंब यांच्या मधला कुठला तरी वास येत होता. पुन्हा तेलरंग पाजला. पुन्हा खिळा फटीफटींतून फिरला. वर पट्ट्या बसल्या, त्याही एकाच फळीला ठोकलेल्या, म्हणजे दुसरी तिच्याखाली मोकळेपणाने सरकू शकेल.

सारे झाल्यावर आत्यांनी वर पाहिले. “मिस्त्री, पत्र्याचा छज्जा मावळतीला का काडलाय?”

“पाऊस तिकडनं येतोय की, अव्वा.”

“येतो तिकडनं. जाताना उगवतीकडनं मारतो. अन् आपल्याकडं जातानाच खरा मारतो.”

कानडी-मराठी दोन्ही मुलखांतले मिस्त्रींचे ज्ञान या एका वाक्यापुढे हात जोडून उभे राहिले. “हौद्री अव्वा,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी उगवतीलाही दोन हात छज्जा आला.

मग हस्त लागला. तीन दिवस रोज दुपारी तो आला, आडवा, तिरका, पत्रा फोडून टाकील असा. आत्यांनी चुलीतली कोरडी राख मागवली होती. आमच्याकडे चूल नाही, म्हणून ती काकांच्या घरातल्या पाणी तापवायच्या बंबातून आणावी लागली, आणि काकांनी “टपरीत आता राखसुद्धा लागते वाटतं” एवढे त्यावर ऐकवले. आत्यांनी भिंतीच्या तळाशी आतून त्या राखेची बोटभर रुंद रेघ ओढली. ओल आली की राख काळवंडते. पाऊस कोसळत असताना त्या खाटेवर बसून, एक तळहात भिंतीला लावून, त्या रेघेकडे पाहत असत. मी दारात उभी. भिंत आवाजाने भरून गेलेली, हाताखाली थरथरणारी, आणि तिच्या पायाशी ती राखाडी रेघ. मला वाटे, आपण सारेच कुठल्या ना कुठल्या भिंतीशी अशी राख टाकून बसलेलो असतो, फक्त ती दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर आत्या वाकल्या, चिमूटभर राख उचलून बोटांत चोळली. ती धुळीसारखी उडाली.

“कोरडी हाय,” त्या म्हणाल्या. तक्रार करावी तसा स्वर होता. बोटे पदराला पुसत पुढे म्हणाल्या, “चित्रा बगू.”

हस्तामागची चित्राही गेली. मग दिवाळी करून जाते म्हणाल्या. मग हुरडा खाऊन जाते. मग उन्हाळा आला. आमच्या उन्हाळ्याविषयी वेगळे सांगायला नको. दगडी खोल्या संध्याकाळपर्यंत तापून तव्यासारख्या होतात. बाहेरची फळी आणि आतली फळी यांच्यामधल्या पोकळीत ऊन मात्र अडकून पडले, आत पोहोचले नाही, आणि दुपारी काकासुद्धा कशाचे तरी निमित्त काढून आत्यांच्या खोलीत येऊन बसू लागले. “तेवढा जून जाऊ दे,” आत्या म्हणाल्या. राहते, असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. वर्षे गेली. दर वर्षी उत्तरा लागली की त्या माझ्याकडून कडांना रंगाचा हात देऊन घेतात, पट्टीखालच्या फटींत काही साचले असेल तर खराट्याच्या काडीने काढायला लावतात. फोटो पेटीत. पेटी खाटेखाली. मोडनिंबचे घर कुलपात.

आज दुपारी आभाळ दाटून आले आणि पहिले थेंब भिंतीवर वाजले, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पावसाच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. ठक्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा ठक्. मी परसात धावले. जुनी भीती, फळी सुटली की काय.

आत्या खाटेशेजारी उभ्या होत्या. भिंतीला कान लावून, बोटाच्या पेराने ठोकत, इंच इंच सरकत होत्या. इरप्पा मिस्त्री फळी ठोकून पाहत, हुबेहूब तसेच.

“काय झालं, आत्या?”

“गप. आयकू दे.”

ठक्, पोकळ. ठक्, पोकळ. ठक्, पोकळ. बाहेर पाऊस वाढत होता आणि त्या बोटभर सरकत होत्या. मग एक ठोका निराळा वाजला. आखूड, घट्ट, भरलेला. मागे चौकटीचे लाकूड होते.

“हितं,” आत्या म्हणाल्या. “हितं भार घील.”

त्यांनी कनवटीची लहान पिशवी सोडली आणि तीतून एक खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. दोन इंची, थोडा गंजलेला, टोकाला जुन्या तेलरंगाचा कण सुकलेला. “मिस्त्रीचा हाय. खिडकीत इसरून गेला हुता.”

मी हातोडी आणली. खिळा लाकडात शिरताना किंचित कुरकुरला, मग पक्का झाला. आत्यांनी पेटी उघडली, टॉवेल सोडला, फोटोची काच पदराने पुसली आणि स्वतःच्या हाताने तो टांगला. सरळ केला. मागे होऊन पाहिला, पुन्हा सरळ केला. भिंतीवरच्या पावसाने काच बारीक थरथरत होती. त्या पुढे झाल्या, फोटोशेजारी तळहात भिंतीला टेकवला आणि हळूच म्हणाल्या,

“मालक, हस्त हाय. उगवतीकडनं आलाय.”